वाघाने वाट सोडली

रविवारी बोरी बुद्रुकला मित्राच्या ओट्यावर आमचा खेळ रंगतो. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि कोण जगणार ते फासा ठरवतो. त्या दिवशी रेंजर होणारा गडी आलाच नाही. फवारणीचा पंप परत करायला आलेल्या एका बाईंनी चपला काढल्या आणि त्याच्या जागी खुशाल मांडी घातली.

"रेंजरनं करायचं काय?"

"रान ओळखायचं, माग काढायचा, धनुष्य चालवायचं."

आमचे दोन वीर जखमी होते आणि वाट वाघाच्या जंगलातून जात होती. मी विचारलं, "कशा जाणार? दबकत?"

"दबकत कशाला? मोठ्यानं बोलत जायाचं. आपण आलोय हे कळलं की तो वाट सोडतो."

सगळे हसले. आवाज केला की हल्ला होतो, हा नियम मी ठासून सांगितला.

"मारामारी करायला रेंजर कशाला पायजे? रेंजरनं सगळ्यांना घरी न्यायचं," असं म्हणत त्यांनी मूठ खुळखुळवून फासा टाकला. तो एकावर थांबला. म्हणजे सगळे मेले.

बाईंनी शांतपणे पदर खोचला. "मेले तर मेले. पण पावणं, तुमचा वाघ खोटा हाय."

दिवस मावळायला त्या उसाच्या वाटेनं एकट्याच घरी निघाल्या. त्या उसात बिबट्या आहे, हे सगळ्या गावाला माहीत. बराच वेळ त्यांचा खणखणीत आवाज येत राहिला, "येतीय रं बाबा, हो बाजूला!"

मग उसापलीकडे त्यांच्या दाराची कडी वाजली. मी एकावर पडलेला फासा उचलला आणि माझ्या वाघाला वाट सोडायला लावली.