लांब तितकं लवतं

भोरच्या सायकलवाल्या मावशी नवं हँडल हातात आलं की आधी डोळे मिटायच्या. मग ते मधोमध एका बोटावर तोलायच्या, पोटाला लावून वाकतंय का बघायच्या आणि त्यानंतरच तोंड उघडायच्या. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांच्या नवऱ्याचं, काकांचं होतं, पण पान्हा मावशींच्या हातात. काका गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे.

बारावीनंतर मला भोरला कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात तोवर कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, अट घातली, "जाताना दोन किटल्या दूध सायकलवरनं डेअरीला घालायचं. एकदा जरी सांडलं तरी कॉलेज बंद."

घरच्या सायकलचं हँडल गंजून गेलेलं. मी दुकानात गेले आणि ॲल्युमिनियमच्या चकचकीत हँडलवर बोट ठेवलं. फुलासारखं हलकं होतं.

"ह्याला काय अडकवनार?" मावशींनी विचारलं.

"दुधाच्या किटल्या."

"आन् हवंय फुलावानी! फुलाला किटली अडकवतीस व्हय?"

"अगं, पोरीला आवडलंय तर दे की," काका म्हणाले.

"तुमी पेपर वाचा."

मावशींनी ते हँडल आवळून बसवलं आणि टोकाला पाण्याची बादली टांगली. टोक चांगलंच खाली आलं. तीच बादली स्टीलच्या हँडलला टांगली, ते जागचं हललं नाही. पण जड किती! माझं तोंड उतरलेलं बघून मावशींनी करवत घेतली आणि स्टीलची दोन्ही टोकं दोन-दोन बोटं कापून टाकली.

"लांब तितकं लवतं. आता वजन बी उतरलं आन् ताठपना बी वाढला."

वाकलेलं हँडल मात्र त्या कधीच सरळ करून द्यायच्या नाहीत. "सरळ केलं तरी पुन्ना तितंच वाकतं. हँडलचं म्हनते हां, मानसाचं न्हाई," असं म्हणून काकांकडे बघायच्या. काका पान उलटायचे.

आंबवड्याच्या रस्त्यावर एकदा चाक खड्ड्यात असं आदळलं की माझी चप्पल उडाली. हँडल तसूभर हललं नाही. तीन वर्षांत दुधाचा थेंब सांडला नाही.

भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, एका टोकाला घट्ट धरून दुसऱ्या टोकाला वजन टांगलेल्या पट्टीची लांबी वाढवली तर काय होईल? मी म्हणाले, "लांब तितकं लवतं." सर हसले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी सांगितलं, "सायकलच्या दुकानात."

पदवीचा कागद आधी मावशींना दाखवायला नेला. त्यांनी हात पुसले, डोळे मिटले आणि कागद तळव्यावर तोलला.

"लई हलका हाय गं. पन ताठ हाय. घडी घालू नगंस."

गेल्या वर्षी दुकान बंद करून दोघं मुलाकडे पुण्याला गेली. माझ्याकडे आता स्कूटर आहे, सायकल आबा चालवतात. परवा चुलते आबांना म्हणाले, "दादा, हे केवढंसं हँडल! चांगलं लांब बसवून घ्या की."

आबांनी किटली अडकवली, टांग टाकली आणि म्हणाले, "लांब तितकं लवतं. आमी पयल्यापास्नं सांगतोय."