विरोधात एकच हात

मामीचा फोन आला तेव्हा मी पेठेतल्या घरी पत्रकाचा नवा मजकूर तपासत होते. "गेले तुझे मामा," एवढंच म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पत्रकावरचं त्यांचं नाव काढू नगंस." मी नाव काढलं नाही. त्या पत्रकाची मागणी एका वाक्याची आहे: कष्टकऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी आणि आरोग्य विम्यासाठी जमा झालेला निधी दुसऱ्या कोणत्याही कामासाठी, तात्पुरतासुद्धा, वापरता येणार नाही असा कायदा करा. 'तात्पुरतासुद्धा' हा शब्द मामांनी घालायला लावला होता. त्याच शब्दानं त्यांचा घास घेतला, आणि हे मी दुःखानं नाही, रागानं लिहिते आहे.

गेनूमामा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलायचे. शिनोलीच्या अलीकडच्या आपल्या गावातून पहाटेची जीप धरायची, दुपारपर्यंत पाठ मोडायची आणि परत यायचं. पण गावच्या आणि बाजाराच्या, अशा दोन्ही तालुक्यांत त्यांना ओळखायचे ते आवाजामुळे. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढावरच्या धावपट्टीवर, माईक त्यांच्या हातात असायचा, आपलंच उपरणं गुंडाळलेला. "आला आला आला… भिर्रर्र!" अशी त्यांची आरोळी उठली की घाटाच्या तोंडापाशी उभ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. माझ्या घरात मी लहानपणापासून पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, कारण वडील सगळ्या मोर्च्यांची पत्रकं जपून ठेवायचे. शब्द कागदावरून कसा पेटतो ते मला वडिलांनी शिकवलं. तोच शब्द हजार माणसांना शांत कसा बसवतो, ते मात्र मामांच्या माईकवर पाहिलं.

मामांच्या गावात यात्रेच्या पैशाचा एक रिवाज आहे. वर्गणीतून उरलेली शिल्लक भैरोबाच्या पेटीत राहते. ती फक्त पुढच्या यात्रेला आणि घाटाच्या डागडुजीला. दुसऱ्या कामाला काढायची असेल तर देवळात गावकी बसते आणि एकाचाही हात विरोधात वर गेला तर पैसा हलत नाही. एका उन्हाळ्यात पाण्याची मोटार जळाली, तेव्हासुद्धा एका म्हाताऱ्यानं हात वर केला. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, हंडे वाहिले, पण पेटी उघडली नाही. मामांना कायद्याची कल्पना सुचली ती इथूनच. हमालांच्या मंडळाकडे प्रत्येक क्रेटमागे कपात जायची, म्हातारपणासाठी आणि दवाखान्यासाठी. पुढे कळलं, की त्या निधीतून कुठे रस्ता झाला, कुठे कार्यक्रमाचा मांडव पडला. "चोरी न्हाई झाली," मामा म्हणायचे, "नुसतं वळिवलंय. पाटाचं पानी वळिवत्यात तसं. पन शेवटाला ज्याचं रान हाय त्यानं काय करायचं?" मग हसून म्हणायचे, "आमच्या भैरोबाच्या पेटीला जी अक्कल हाय, ती सरकारच्या पेटीला द्या म्हनावं. लई मागत न्हाई."

एका यात्रेत एक लोकप्रतिनिधी सत्काराला आले होते. मामांनी त्यांना फेटा बांधू दिला, नारळ देऊ दिला आणि मग भर घाटात माईकवरून विचारलं, "सायेब, आमच्या निधीचा कायदा सभागृहात मांडणार का?" साहेब म्हणाले, जरूर विचार करू. मामा म्हणाले, "इचार झाला सायेब, बैल जुपल्यात. निशान कवा पडनार तेवढं सांगा." सगळा घाट हसला. साहेबही हसले… आणि गाडीत बसून गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामांचा आवाज बसला. ओरडून बसला असेल म्हणून आम्ही हळद-दूध देत राहिलो. नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे गळ्यातली गाठ सापडली. ऑपरेशन लवकर करा, म्हणाले. विमा होता, कार्ड होतं, आयुष्यभराची कपात होती. फक्त मंडळाची मंजुरी हवी होती. मी मंडळाच्या खिडकीपाशी मामांच्या शेजारी उभी होते. आतला माणूस वाईट नव्हता, त्यानं पाणीसुद्धा दिलं. म्हणाला, "निधी तात्पुरता दुसऱ्या कामाकडे वळवलाय. परत आला की पहिलं तुमचं काम." मामांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांचा आवाज कुजबुजीएवढा उरला होता. "बघ," म्हणाले, "शबूद बरुबर घातला व्हता का न्हाई?"

आम्ही थांबलो. फोन केले, परत गेलो, परत थांबलो. मामीनं रात्रीचं जेवण सोडलं. मामांना भाकरी गिळवेना. मग गावातल्याच कुणाला तरी सुचलं की पेटी उघडू या.

त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी, रामभाऊंनी, ठराव मांडला की शिल्लक गेनूभाऊंच्या ऑपरेशनला द्यायची. हात भराभर वर गेले. बायका पायरीपाशी उभ्या होत्या, कारण गावकीत त्यांनी हात वर करायची पद्धत नाही. मामीनं डोळ्याला पदर लावला. "कुनाचा इरोध?" रामभाऊंनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं… आणि खांबाला टेकलेल्या मामांनी हात वर केला.

मामी पायरीवरून ओरडली, "अवो, हात खाली घ्या! येडं लागलंय का तुमाला?" रामभाऊ जवळ येऊन म्हणाले, "गेनूभाऊ, आरं तुज्यासाठीच चाललंय की राव हे." मामांचा हात खाली येईना. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, "मामा, लोक आपखुशीनं देताहेत." ते थांबत थांबत बोलले. त्यांच्या ओठांशी कान नेऊन मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगत गेले. "हितं बसल्यात त्यांची खुशी हाय. पन ज्यांनी दिला त्यातले निम्मे हितं न्हाईत. मुंबईतनं कुना पोरानं देवाला म्हनून धाडलाय. आज माझ्या गळ्यासाठी पेटी उघडली, तर उद्या कुनाच्या तरी मांडवासाठी उघडतील. आन् तवा माझंच नाव सांगतील… गेनूला दिला व्हता म्हनून." मामी मटकन पायरीवर बसली. "तत्त्वाला कुंकू लावू का मी?" म्हणाली.

रामभाऊंनी रागानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि फरशीवर आपटून पसरलं. "पेटी ऱ्हाऊ दे. ही वर्गनी निराळी. गेन्याच्या दवाखान्याची. आता कर इरोध!" मामा हसले. त्यांचा हात खाली आला. लोकांनी तिथल्या तिथे खिसे रिकामे केले, पायरीवरच्या बायकांनी कनवटीचं सोडलं, मुंबईला फोन गेले. ऑपरेशन झालं. पण डॉक्टर म्हणाले, "जरा लवकर यायला हवं होतं." मी म्हटलं, "आम्ही लवकरच आलो होतो. मंजुरी आली नव्हती."

मामा गेल्यावर तालुक्यात बोललं जातं की गेनू हट्टापायी गेला. हे मला ऐकवत नाही. देवळातला तो हात एका संध्याकाळपुरता वर होता. महिने गेले ते त्या खिडकीपाशी, जिथे माणसाच्या म्हातारपणाचा आणि आजाराचा पैसा पाटाच्या पाण्यासारखा वळवता येतो आणि वळवणाऱ्याला कुणी अडवू शकत नाही. त्याला अडवणारा हात म्हणजेच कायदा. तो अजून झालेला नाही. आमची पत्रकं अजून निघताहेत.

गेल्या आठवड्यात पुन्हा गावकी बसली. रामभाऊंनी गहिवरून ठराव मांडला की घाटाच्या रस्त्यावर गेनूभाऊंच्या नावाची कमान उभारू, पेटीतली शिल्लक त्याला लावू. देवळाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यात्रेच्या माईकला मामांचं उपरणं अजून गुंडाळलेलंच होतं, कुणी सोडलं नव्हतं. सगळे हात वर गेले. काहीजण रडत होते. "कुनाचा इरोध?" रामभाऊंनी विचारलं.

पायरीवरून एक हात वर गेला. हिरवा चुडा गेलेला, मोकळा हात.

"बायांचा हात मोजायचा का?" मागून कुणीतरी पुटपुटलं. रामभाऊंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "पेटीत बायांची वर्गनी न्हाई व्हय रं?" मग मामीकडे पाहून हळूच म्हणाले, "इंदूबाई, त्यांच्याच नावाची कमान हाय वो…"

"म्हनूनच," मामी म्हणाली. आणि हात तसाच वर ठेवून उभी राहिली.

पेटी उघडली नाही.