एका ओळीत मावलेली पट्टी

दादा गेल्यावर वहिनींनी त्याची बंद पडलेली हार्डडिस्क माझ्याकडे आणली. त्याच्या आवाजातली रेकॉर्डिंग फक्त तिच्यातच होती. मी फायली शोधणारा प्रोग्राम चालू केला, तशा संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत भराभर पट्ट्या उमटू लागल्या.

"भावजी, एवढं सापडलं?" वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या.

"नाही वहिनी. काम किती झालं ते दाखवणारी ती एकच पट्टी आहे. खिडकीची रुंदी प्रोग्रामला कळत नाहीये, म्हणून ती ओळीत मावत नाही आणि दर वेळी खाली नव्याने उमटते."

मग तासभर मी तेवढंच दुरुस्त करत बसलो. खिडकी ताणून पाहिली, अक्षरं बारीक केली, शेवटी रुंदी ऐंशी अक्षरं अशी हातानेच लिहून दिली. दवाखान्याबाहेर ताटकळणारा माणूस उगाच सगळ्यांच्या चपला सरळ लावत बसतो. आतलं काही त्याच्या हातात नसतं. माझंही तसंच चाललं होतं.

पट्टी एका ओळीत नीट बसली. चार टक्क्यांवर थांबली होती. डिस्कमधून येणारी बारीक टकटकही बंद झाली; आता ती काहीच वाचत नव्हती.

वहिनींनी खुर्ची मागे सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "दुरुस्त केली नसती तरी चाललं असतं, भावजी. मघाशी निदान काहीतरी येतंय असं वाटत होतं."