शाल, श्रीफळ आणि अष्टपैलू

आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की अष्टपैलू होतो. आदल्या दिवसापर्यंत तो तसा नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. पण शाल-श्रीफळाच्या मागोमाग हा शब्द येतोच. ग्रामसेवक अष्टपैलू, कोतवाल अष्टपैलू, आणि वाढदिवसाच्या बॅनरवरचे भाऊ तर जन्मतःच अष्टपैलू! मी मराठीचा मास्तर. वर्गात सांगत आलो, पैलू हिऱ्याला पाडतात. ज्याच्या अंगचे अनेक गुण सारखेच उजळ, त्यालाच हा शब्द लावा. पण ऐकतं कोण?

गेल्या हिवाळ्यात बायको निवृत्त झाली. मुलचेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीची ती सेविका. सत्काराच्या सकाळी माझ्या सदऱ्याला इस्त्री करता करता म्हणाली, "अजी, माह्याबद्दल बोलसान का तुम्ही? थोडंसंच. पण ते अष्टपैलू नोका म्हणू. ते सगळ्याइले म्हणून झालं."

मी नुसतं हूं केलं. चारचौघांत बायकोची तारीफ करायची आमच्यात रीत नाही, लोक वर्षभर चिडवतात. पण तिने कधी काही मागितलं नव्हतं.

मंडपात मानपत्र वाचलं गेलं. मोबाइलवर आलेलं, ग्रामसेवकाचंच, नाव तेवढं बदललेलं. "अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, उत्तम प्रशासक, कबड्डीचे नामांकित खेळाडू..." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तीही हसली, पण मान खाली घालून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठलो आणि माईक हातात घेतला.

"ही कबड्डी कधी खेळली नाई," मी म्हणालो. "हिचे आठ पैलू मले माहीत नाई. एक माहीत आहे. माही शाळा अन् हिची अंगणवाडी एकाच आवारात. थंडीत लेकरांचं वजन कराच्या आधी काट्याची झोळी ही पोटाशी धरून बसे. गरम झाली की मंगच लेकरू आत ठेवे. मले ते लई आवडे. अजूनबी आवडते."

कोणी हसलं नाही. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलो, कान तापलेले. ती समोर बघतच हळूच म्हणाली, "तुम्ही खिडकीतून मले पाहत होते जी?"

"मंग काय वर्गाले शिकवत होतो?"