कुडव्याच्या घरातली ओली रेघ

भूतबित, भानामती मी मानत नाही. सासूबाई दृष्ट काढतात तेव्हाही मला हसू येतं नी मी बोलणी खाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण घडलं ते असं.

गोंदियात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पंधरा वर्षं मशीन चालवून जे साठवलं त्यातून दोन वर्षांपूर्वी शहराला लागूनच, कुडव्याला दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं, भाड्यानं द्यायला. माझ्या एकटीच्या नावावर! कागदपत्रं अशी तपासली की दलालच कंटाळला. रजिस्ट्री, टॅक्सच्या पावत्या, सगळं. फक्त जमिनीचा उतार पाहिला नाही. आणि मी पोर कोणाची? सडक अर्जुनीकडे आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावतळी बांधली. जागा घ्यायची तर आधी घागरभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघावं, हे बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. मी साफ विसरले.

व्हायचं तेच झालं. मागच्या खोलीची भिंत भर उन्हाळ्यात ओली. पाइप बदलले, वॉटरप्रूफिंग केलं... पालथ्या घड्यावर पाणी. दोन भाडेकरू सोडून गेले. शेवटी नवरा म्हणाला, "विकून टाक न. काऊन जिवाले घोर लावून घेते?" दलालानं पडत्या भावात गिऱ्हाईक आणलं, सोमवारी टोकन घ्यायचं ठरलं. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी मी एकटीच झाडायला गेले. फाटकाला आतून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मागच्या अंगणात आले तर धोतर नेसलेला एक म्हातारा भिंतीशी उभा. वाटलं, शेजारचा असेल.

"नळाले कायले दोष देऊन रायली, बाई?" तो म्हणाला. "पाणी आपल्या वाटेनं येऊन रायलं. वाट तं तुह्या भिंतीनं अडवली."

"कोणती वाट, बाबाजी?"

त्यानं अनवाणी टाच सिमेंटवर टेकली नी भिंतीपासून कुंपणापर्यंत ओढत नेली. मागे बोटभर रुंद ओली रेघ उमटली. "तलाव बांधणाऱ्याची पोर न तू? एवढं समजत नाही?"

मी दचकले. कुडव्यात मला सासरच्याच नावानं ओळखतात, माहेरचं कोणालाच ठाऊक नाही. झाडू ठेवायला वळले नी पुन्हा पाहिलं, तर अंगण रिकामं. फाटकाचं कुलूप जसंच्या तसं!

भीती? वाटली तर. पण त्याहून जास्त राग आला. मला समजत नाही म्हणे! लगेच मिस्त्रीला फोन लावला. रविवारी सकाळी तो आला तेव्हाही रेघ ओलीच होती, मे महिन्यात, तापलेल्या सिमेंटवर. "ये सूखी कैसे नहीं, दीदी?" त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू फोड.

हातभर खाली दगडांनी बांधलेला जुना पाट निघाला, मलब्यानं गच्च बुजलेला. वरच्या बाजूला एक बोडी आहे, म्हणजे लहान तळं. तिचं झिरपणारं पाणी आमच्या भिंतीखाली येऊन अडत होतं. पाट मोकळा केला, पाइप टाकला, पाणी रस्त्याच्या नालीत सोडलं. सोमवारी दलालाला सांगितलं, घर विकायचं नाही.

दोन आठवड्यांत भिंत वाळली. आता तिथे एक नर्सबाई राहतात नी सोडायचं नाव काढत नाहीत. शेजारीपाजारी खूप विचारलं, तसा म्हातारा कोणी पाहिलेला नाही. आत कसा आला, रेघ का वाळली नाही, मला आजही सांगता येत नाही.

मग बाबांना घर बघायला आणलं. आयुष्यात कधी शाबासकी न दिलेला माणूस. त्यांनी वाळलेल्या भिंतीवर तळहात टेकवला, पाट कोणत्या अंगानं जातो ते पाहिलं. मी म्हाताऱ्याची सगळी हकिगत सांगितली.

"दाखवणारे बहुत भेटतेत," ते म्हणाले. "खोदलं तं तूनं न!"