मामाचं कारंजं

माझा मामा नगररचना खात्यात नकाशे काढायचा आणि प्रत्येक नकाशात एक कारंजं घुसवायचा. कचरा डेपोच्या दारात, दवाखान्याच्या मागे, एकदा तर उड्डाणपुलाच्या मधोमध. त्याचं म्हणणं असं, की समितीतल्या माणसांना काहीतरी खोडल्याशिवाय चहा पचत नाही. खोडायला कारंजं दिलं की ती खूश, आणि बाकीचा नकाशा सुखरूप.

"लोकांना विचारत बसायचं नसतं," तो जेवताना मला शिकवायचा. "लोकांना खोडायला द्यायचं असतं."

मामी त्याच्या ताटात भाजी वाढायची आणि गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नसायचं.

मग बाजाररस्ता रुंद करायचं काम मामाकडे आलं. त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मामीचं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, बॅगांचे पट्टे शिवणं, असली कामं ती तिथे करायची. सरळ रेघ मारली तर रस्ता तिच्या मशीनवरून जात होता. मामाने पट्टी बाजूला ठेवली आणि रस्ता वळवला. वळण थेट अधिकाऱ्यांच्या क्लबच्या हिरवळीत घुसलं. शेजारचा न्हावी आणि किल्लीवाला फुकटात वाचले. पकडला गेला असता तर मामाची नोकरी गेली असती. म्हणून या वेळचं कारंजं त्याने तीन मजली काढलं आणि वर घोडा बसवला.

नेमके तेव्हाच नवे साहेब आले आणि त्यांच्या डोक्यात आलं, की विद्यापीठातल्या मुलांना निर्णयात सामील करून घ्यायचं. शहर उद्या त्यांचंच आहे म्हणे. मुलं आली, टेबलांवर बसली, आणि नकाशाकडे जेमतेम बघून सरळ बाजाररस्त्यावर गेली. दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटली.

"नकाशा समोर असताना रस्ता कशाला बघायचा?" मामा घरी येऊन धुसफुसला. त्यांच्यातल्या एका मुलीचं नाव त्याने 'चौकशी' ठेवलं, कारण तिला 'का' विचारल्याशिवाय राहवत नसे.

या चौकशीच्या बॅगेची चेन बाजारातच तुटली. ती मामीच्या दुकानात शिरली. मामी घरात गप्प, पण मशीनवर बसली की तिची जीभ सुईच्या पुढे पळते. त्याच दिवशी तिने जेवताना कौतुकाने सांगितलं, "गोड पोरगी हो. मी म्हटलं तिला, सगळे घाबरलेत, पण आमच्या दुकानाला धक्का नाही. नकाशा आमच्या ह्यांनीच काढलाय."

मामाने तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

सभेच्या दिवशी समिती लाल पेन्सिली घेऊन तयार होती. साहेबांनी मुलांचं मत विचारलं आणि चौकशी उभी राहिली.

"हे कारंजं काढून टाका," ती म्हणाली.

समितीचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी मिळून घोड्यासकट कारंजं खोडलं. क्लबच्या हिरवळीवर रोज फेऱ्या मारणाऱ्या एका सदस्याने मात्र विचारलं, "आणि हे वळण कशाला?"

"वळण राहू द्या, सर. तिथे गाड्यांचा वेग कमी होईल. आत्ता त्या कोपऱ्यावर म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडता येत नाही. आम्ही तिथे उभं राहून पाहिलंय."

साहेबांना आपण मुलांचं ऐकतो हे दाखवायचंच होतं. नकाशा मंजूर झाला.

मामाने तिला जिन्यात गाठलं. "तुला सगळं माहीत होतं. मग मला का वाचवलंस?"

"तुम्हाला नाही वाचवलं. वळण मला पटलं. दुकान नसतं तरी पटलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही हे सरळ मांडलं असतंत तर चाललं असतं, सर. पण तुम्ही कारंजं दाखवलंत आणि वळण लपवलंत. विचारलं कुणालाच नाहीत."

मामाला हे फार लागलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. घरी आल्या आल्या त्याने मामीला सगळं सांगितलं, नोकरी कशी पणाला लावली होती तेही. मग तिच्याकडे बघत राहिला. शाबासकीची वाट बघत असावा.

मामी हातातला दोरा गुंडाळत राहिली. "माझ्यासाठी एवढं केलंत?"

"मग कुणासाठी? तुला दुकान तिथेच हवं होतं ना?"

"नाही हो," मामी म्हणाली. "मला विद्यापीठाच्या दारात हवं होतं. तुटक्या चेनी सगळ्या तिकडेच असतात. त्या कोपऱ्यावर ते तुम्हीच घेऊन दिलंत, लग्न झाल्या झाल्या. मला कधी विचारलंत?"