तांब्याचं चित्र

फिनेलचा वास आला की मला कोल्हापुरातली ती तपासणीची खोली आठवते. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. "आईच बोलत न्हाय पोरीसंगं, मग पोर कशी बोलंल?" असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या, आणि मलाही ते खरं वाटू लागलं होतं. आम्ही दोघी गारगोटीहून पहिल्या एसटीनं आलो. डॉक्टरबाईंनी ठोकळे मांडले, बाहुली दाखवली, नावानं हाका मारल्या; लेक खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत राहिली. तासाभरानं माझे डोळे भरून आले. तेवढ्यात लेक उठली, तिनं माझ्या पिशवीतून पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, त्यातलं पाण्याच्या तांब्याचं चित्र शोधलं आणि सरळ बाईंच्या हातात दिलं. "तहान लागल्या तिला," मी ओशाळून म्हणाले, "जुन्या पुस्तकांतली चित्रं मीच चिकटवल्यात. घरी अशीच मागत्या." बाई स्वतः उठून पाणी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "हिला ऑटिझम आहे. तो तुमच्यामुळं झालेला नाही. आणि आम्ही आयांना जे शिकवतो, ते तुम्ही आधीच केलंय की!" संध्याकाळी उंबऱ्यातच सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?" चार शेजारणी बसल्या होत्या. "पोरगी बोलत्या, आत्याबाई," मी म्हणाले, "आपल्यालाच ऐकायला शिकायचं हाय." इतक्या मोठ्या आवाजात मी त्या घरात कधी बोलले नव्हते, आणि आजतागायत तो आवाज मी खाली आणलेला नाही.